रेकॉर्डच्या सुईची निगा आणि जुळणी

आपल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील अनेक जुन्या घरांत, कपाटाच्या तळाशी किंवा माळ्यावरच्या पेटीत, ध्वनिमुद्रिकांचा एखादा गठ्ठा अजून सापडतो. नाट्यपदे, भजने, शास्त्रीय गायन, जुनी चित्रपटगीते. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नव्हते. आता मात्र टर्नटेबल पुन्हा बाजारात आले आहेत, मुलांना त्यांचे कुतूहल वाटते आणि चतुर्थीला घर भरले की कोणीतरी म्हणतो, "आजोबांच्या रेकॉर्डी काढा बघू."

येथेच थोडे थांबावे, एवढे सांगण्यासाठी हा लेख आहे. कॅसेट, सीडी किंवा मोबाईलवरचे गाणे पुन्हा पुन्हा ऐकले म्हणून मूळ गाण्याची दुसरी प्रत कोठेतरी उरतेच. घरातल्या जुन्या रेकॉर्डचे तसे नाही. रेकॉर्ड वाजते ती सुईच्या घर्षणाने. सुई चांगली आणि नीट बसवलेली असेल तर ही झीज नगण्य असते. सुई झिजलेली किंवा तिरकी असेल तर ती गाणे ऐकवता ऐकवता तेच गाणे खरवडून काढते, आणि एकदा खरवडलेली खाच कोणत्याही उपायाने भरून येत नाही. म्हणून रेकॉर्ड लावण्याआधी सुई पाहावी. हे काम घरी, तासाभरात, कंपासपेटीच्या मदतीने करता येते.

अंतराळात गेलेली सुई

विषय किती गंभीरपणे घ्यावा, याचे एक उदाहरण आपल्या गोव्याशीच जोडलेले आहे. सूरश्री केसरबाई केरकर (१८९२–१९७७) या फोंडा तालुक्यातील केरीच्या. लहानपणी त्यांनी आपल्या डिचोलीजवळच्या लामगावात रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे काही काळ शिक्षण घेतले आणि पुढे अल्लादियाखाँसाहेबांच्या त्या शिष्या झाल्या. १९७७ साली अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने व्हॉयेजर-१ आणि व्हॉयेजर-२ ही दोन याने सोडली. त्यांतील प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे. पृथ्वीवरील निवडक संगीताच्या त्या तबकडीत भारताच्या वाट्याला आलेले एकमेव गाणे म्हणजे केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी. लांबी साडेतीन मिनिटे.

या गोष्टीचा एक भाग सहसा सांगितला जात नाही. त्या शास्त्रज्ञांनी नुसती तबकडी पाठवली नाही, तर तिच्यासोबत कार्ट्रिज आणि सुईही पाठवली. वरच्या आवरणावर सुई तबकडीवर कशी ठेवावी याची आकृती कोरली, एक वरून दिसणारी आणि एक बाजूने दिसणारी. तबकडी किती वेगाने फिरवावी हेही तेथे चिन्हांत लिहिले. योग्य सुई, योग्य जागा आणि योग्य वेग, यांशिवाय तबकडीतला आवाज परत मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होते. परग्रहावरच्या श्रोत्यासाठी जेवढी काळजी घेतली, तेवढी आपल्या घरातील तबकडीसाठी घ्यायला काय हरकत आहे?

सुई नेमके काय करते?

रेकॉर्डच्या एका बाजूला बाहेरून आत जाणारी एकच लांब, गोल गोल वळत गेलेली खाच असते. खाचेच्या दोन्ही भिंतींवर आवाजाच्या लहरी नागमोडी आकारात कोरलेल्या असतात. सुई त्या खाचेतून चालते आणि त्या वळणांबरोबर थरथरते. सुई एका बारीक नळीसारख्या दांडीच्या टोकाला असते. दांडीच्या दुसऱ्या टोकाला, बहुतेक आजच्या कार्ट्रिजमध्ये, एक इवलासा चुंबक असतो. तो तारेच्या वेटोळ्यांजवळ हलला की वेटोळ्यांत अत्यल्प वीज निर्माण होते. विज्ञानाच्या पुस्तकातील फॅरेडेचा प्रयोग तो हाच. ही वीज ॲम्प्लिफायरने वाढवली की आपल्याला गाणे ऐकू येते.

आता थोडा हिशेब करू. लाँग प्ले रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. एक बाजू २२ मिनिटांची धरली तर सुमारे ७३३ फेरे होतात. खाचेची सरासरी त्रिज्या १०३ मिलिमीटर धरली तर एक फेरा सुमारे ६५ सेंटिमीटरचा. म्हणजे एका बाजूत सुई जवळजवळ अर्धा किलोमीटर चालते! हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास टिकते असे मानतात. नुसते ५०० तास धरले तरी ती सहाशे किलोमीटरहून अधिक चालली, पेडण्याहून मुंबईच्याही पुढे. आणि ही सगळी चाल एका सूक्ष्म टोकावर. वजन अवघे दोन ग्रॅम असले तरी टेकण्याची जागा इतकी लहान असते की त्या ठिकाणचा दाब प्रचंड वाढतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र येथे प्रत्यक्ष भेटते.

आधी ओळखा : कोणत्या रेकॉर्डला कोणती सुई

जुन्या गठ्ठ्यात दोन प्रकार मिसळलेले असतात. जड, ठिसूळ आणि पडली की फुटणारी ती ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड. ती लाखेपासून बनते. हलकी आणि किंचित वाकणारी ती व्हिनाइलची. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले आली तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला.

दोन्हींच्या खाचा वेगळ्या आहेत. ७८ च्या सुईच्या टोकाची त्रिज्या मिलिमीटरच्या सात शतांशांच्या आसपास, तर लाँग प्लेच्या सुईची दोन शतांशांहूनही कमी. मोठी सुई लाँग प्लेच्या बारीक खाचेत उतरतच नाही, तिच्या कडा चिरडते. लहान सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाशी घसरते, खरखर करते आणि स्वतः लवकर झिजते. जुन्या पेटीच्या प्लेअरमध्ये अनेकदा सुई फिरवण्याची लहान कळ असते, एका बाजूस ७८ आणि दुसऱ्या बाजूस लाँग प्ले. ती कळ कोठे आहे ते आधी पाहावे.

चावीच्या फोनोची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या ध्वनिपेटीचे वजन शंभर ग्रॅमहून अधिक असते आणि पोलादी सुई एका बाजूलाच झिजते, म्हणून प्रत्येक बाजूसाठी नवी सुई लावायची असते. अशा फोनोवर व्हिनाइलची रेकॉर्ड कधीही लावू नये. पहिल्याच वेळी ती कायमची बिघडेल.

जुळणी का लागते?

कारखान्यात मूळ तबकडी कोरताना कोरणारे टोक बाहेरून मध्याकडे सरळ रेषेत, म्हणजे त्रिज्येवरून जाते. आपल्या टर्नटेबलचा हात मात्र एका खुंटीभोवती दरवाजासारखा वळतो, म्हणून सुई कंसातून जाते. वर्तुळाची त्रिज्या आणि स्पर्शिका एकमेकींना लंब असतात, हे दहावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना माहीत असते. सुईची दांडी खाचेच्या स्पर्शिकेवर असायला हवी. कंसामुळे ती सर्व ठिकाणी तशी राहू शकत नाही. नीट बसवली तर दोन ठिकाणी तंतोतंत जुळते आणि इतरत्र चूक एक-दोन अंशांच्या आसपास राहते. कशीही बसवली तर चूक वाढते आणि गाण्यातले 'स' आणि 'श' फुटल्यासारखे ऐकू येतात. रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात हे जास्त जाणवते, कारण तेथे खाच सुईखालून सेकंदाला सुमारे २१ सेंटिमीटरच सरकते. बाहेरच्या कडेला ती ५१ सेंटिमीटर सरकते. म्हणजे आत तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो.

घरी करायची जुळणी

पेटीच्या जुन्या प्लेअरमध्ये कार्ट्रिज ठरलेल्या जागीच बसते. तेथे सुई बदलणे आणि साफ करणे एवढेच हाती असते. ज्या टर्नटेबलच्या हाताला मागे फिरणारे वजन आहे आणि कार्ट्रिज दोन स्क्रूंनी बसवले आहे, त्यासाठी पुढील क्रम आम्ही देत आहोत. लहान मुलांनी हे काम मोठ्यांबरोबरच करावे.

१. प्लग काढावा. टर्नटेबल पक्क्या टेबलावर ठेवून गवंड्याच्या पाणसळीने थाळी समपातळीत आहे ना ते पाहावे. सुईवरचे झाकण काम संपेपर्यंत शक्य तितका वेळ तसेच ठेवावे.

२. कार्ट्रिजच्या मागे चार तारा असतात. पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, तांबडी आणि हिरवी उजव्या बाजूची. त्या चिमट्याने हलक्या हाताने बसवाव्यात. कार्ट्रिजच्या पिनांना डाग देऊ नये, उष्णतेने आतले भाग बिघडतात. कार्ट्रिजमध्ये चुंबक असल्याने पोलादी स्क्रूड्रायव्हर सुईकडे ओढला जातो, तो घट्ट धरावा.

३. स्क्रू थोडे सैल ठेवून मागचे वजन असे फिरवावे की हात तराजूच्या दांडीसारखा हवेत आडवा तरंगेल. त्या वेळी आतील ओढ रोखणारी कळ शून्यावर असावी. मग वजनावरचे आकड्यांचे कडे शून्यावर आणून कंपनीने सांगितलेल्या भारापर्यंत फिरवावे. चुंबकाच्या कार्ट्रिजला तो बहुधा दीड ते अडीच ग्रॅम असतो. लहान डिजिटल काट्यावर खात्री करावी. काटा ओळखीच्या सोनाराकडील काट्याशी एकदा ताडून पाहिला तर उत्तम. काट्याची ताटली लोखंडी नसावी.

४. आता कंपासपेटी घ्यावी. जाड कागदावर एक रेषा आखावी. तिच्या एका टोकाला मध्यबिंदू घेऊन तेथे थाळीच्या खुंटीला घट्ट बसेल असे सव्वासात मिलिमीटरचे भोक करावे. मध्यापासून ६६ मिलिमीटरवर एक आणि १२०.९ मिलिमीटरवर दुसरी खूण करावी. प्रत्येक खुणेतून मूळ रेषेला लंब अशी रेषा काढून, तिला समांतर अशा आणखी काही बारीक रेषा दोन्ही बाजूंना आखाव्यात. हीच आपली मोजपट्टी. हाताची लांबी कमी-जास्त असली तरी हे दोन बिंदू बदलत नाहीत.

५. कागद थाळीवर बसवावा. थाळी हाताने फिरवून सुई बाहेरच्या खुणेवर अलगद टेकवावी. सुई खुणेवर पडत नसेल तर कार्ट्रिज पुढे-मागे सरकवावे. खुणेवर पडते पण तिरकी दिसते, तर कार्ट्रिज किंचित वळवावे. मग आतल्या खुणेवर तसेच पाहावे. एक जुळवताना दुसरी हलते, म्हणून पाच-सहा वेळा आलटून पालटून पाहावे लागते. घाई करू नये. दोन्ही खुणांवर सुईची दांडी रेषांना समांतर झाली की स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत आणि पुन्हा एकदा तपासावे.

६. कार्ट्रिज सरकले म्हणजे तोलही बदलला. म्हणून भार पुन्हा मोजावा.

७. थाळीवर एक नको असलेली रेकॉर्ड ठेवून सुई टेकवावी आणि बाजूने पाहावे. हात रेकॉर्डला समांतर दिसावा. मग लहान सपाट आरशावर सुई टेकवून समोरून पाहावे. सुई आणि तिचे प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसले पाहिजे. मध्ये कोन दिसला तर कार्ट्रिज एका अंगाला कलले आहे.

८. शेवटी आतील ओढ रोखणारी कळ भाराच्या आकड्याएवढी ठेवावी. फिरत्या रेकॉर्डवर हात मध्याकडे ओढला जातो आणि सुई खाचेच्या आतल्या भिंतीवर अधिक दाबते. उजव्या बाजूचा आवाज मोठ्या सुरांत फाटत असेल तर ही कळ कमी पडते आहे असे समजावे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. भार कमी ठेवला तर रेकॉर्ड कमी झिजेल, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात उलटे होते. हलकी सुई मोठ्या सुरांत खाचेतून उडते आणि पुन्हा आदळते, आणि प्रत्येक आदळण्याने भिंतीचा कपचा निघतो. कंपनीने सांगितलेल्या मर्यादेच्या मधोमध किंवा थोडे वरच राहणे चांगले.

आपल्या हवेतील काळजी

आपल्याकडे सुईचे शत्रू तीन. मांद्रे, मोरजी, हरमलकडे खारा वारा, डिचोलीकडे लाल धूळ आणि सगळीकडे पावसाळ्याची ओल.

खाऱ्या वाऱ्याने कार्ट्रिजच्या पिनांवर आणि तारांच्या टोकांवर कळंक चढतो. एका बाजूचा आवाज मधूनच जात असेल तर आधी हे सांधे कोरड्या कापडाने पुसून पाहावेत. नवे कार्ट्रिज आणायची घाई करू नये.

लोहखनिजाची धूळ कठीण असते आणि व्हिनाइल मऊ. खाचेत धुळीचा कण असला तर सुई त्याला भिंतीत रुतवते. विद्यार्थ्यांनी घरातल्या लाल धुळीतून एखादा चुंबक फिरवून पाहावा. जे कण चिकटतील ते सुईजवळच्या चुंबकालाही चिकटू शकतात. म्हणून प्रत्येक बाजू लावण्यापूर्वी रेकॉर्डवरून मऊ ब्रश फिरवावा आणि सुईवरूनही, पण सुईवर नेहमी मागून पुढे, कधीही आडवा नाही. बोट तर मुळीच लावू नये.

ओलीने रेकॉर्डवर बुरशी येते. ती न पुसता वाजवली तर सुई ती खाचेतच दळते. व्हिनाइलची रेकॉर्ड सौम्य साबणाचा थेंब टाकलेल्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून, स्वच्छ डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून सावलीत वाळवावी. मधला कागद भिजू देऊ नये. विहिरीचे पाणी नको, त्यातील क्षार खाचेत राहतात. ७८ च्या रेकॉर्डला मात्र स्पिरिट कधीही लावू नये. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात हे आपण पाहतो. रेकॉर्डही लाखेचीच आहे, तीही विरघळेल.

जुन्या प्लेअरमधील काही कार्ट्रिज रोशेल नावाच्या क्षाराच्या स्फटिकाची असत. हा स्फटिक दमट हवेत खराब होतो. माळ्यावर अनेक पावसाळे काढलेल्या प्लेअरचा आवाज अगदी क्षीण येत असेल तर दोष रेकॉर्डचा नसून बहुधा याचाच असतो. नवे कार्ट्रिज बसवावे, म्हणजे रेकॉर्ड पुन्हा बोलू लागेल.

पालक आणि विश्वस्तांसाठी

पालकांना विनंती अशी की सुईचे तास एका वहीत लिहून ठेवावेत आणि हे काम मुलांकडे द्यावे. पाचशे तास झाले की सोनाराच्या भिंगातून सुई पाहावी. टोकाच्या दोन बाजूंना चकचकीत सपाट डाग दिसले तर ती बदलावी. ज्या जुन्या यंत्रातील सुईचे वय कोणालाच माहीत नाही, ती झिजलेली आहे असेच धरून चालावे. नव्या सुईची किंमत मोजता येते. आजोबांनी जपलेल्या रेकॉर्डची किंमत कशी मोजणार?

विश्वस्त मंडळांपुढे आम्ही एक छोटी सूचना ठेवतो. आपल्या भागातील शाळा, वाचनालये आणि देवस्थानांच्या कपाटांत जुन्या ध्वनिमुद्रिका असू शकतात. पेडण्यातील मालपे गावाचे नाव लावणाऱ्या अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) यांना १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली, असा वारसा ज्या तालुक्याचा आहे तेथे ही कपाटे एकदा उघडून पाहावीत. सापडतील त्या रेकॉर्डची यादी करावी, त्या उभ्या ठेवाव्यात, आणि कार्यक्रमात लावून दाखवण्याचा मोह आवरावा. नीट जुळवलेल्या, नव्या सुईवर प्रत्येक रेकॉर्ड एकदाच वाजवून तिची संगणकावर नोंद घ्यावी. त्यानंतर ऐकण्यासाठी ती नोंद वापरावी आणि मूळ रेकॉर्डला विश्रांती द्यावी.

वर दिलेली कागदी मोजपट्टी आठवीच्या पुढचा कोणीही विद्यार्थी एका तासिकेत काढू शकेल. काढून झाल्यावर ६६ आणि १२०.९ ही दोन अंतरे दुसऱ्या पट्टीने पुन्हा मोजायला विसरू नये. अर्ध्या मिलिमीटरची चूकही सुईला कळते.